जिऱ्याच्या पुडीतलं भूत

माणसाला एकटं राहायची सवय होते असं जे लोक सांगतात, ते बहुधा भरल्या घरात मांडी घालून सांगतात. मला ती झाली नव्हती. जंगलखात्याच्या लाकडाच्या वखारीवर मी कारकून होतो. राहायला वखारीच्या कुंपणालगत दोन खोल्यांचं सरकारी बिऱ्हाड आणि सोबतीला सागाचे ओंडके. ओंडक्यांविषयी माझी तक्रार नाही. नोकरीत भेटलेल्या पुष्कळ मंडळींपेक्षा ते सरळ होते. पण बायको गेल्यापासून संध्याकाळी 'आज उशीर केलात' असं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी वेळेवर घरी जाणं सोडलं. मग उशिरा गेलो तरी कोणी काही म्हणेना, म्हणून पुन्हा वेळेवर जाऊ लागलो.

गावाचं नाव सांगत नाही. तिथे अजून मला ओळखणारे लोक आहेत, आणि पुढच्या हकिकतीत माझी अब्रू फारशी शिल्लक राहत नाही. नंदुरबारहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीवर, नवापूरच्या अलीकडचं एक ठाणं, एवढं पुरे. साल एकतीस. आदल्या वर्षीच्या जंगल सत्याग्रहानं आमचं खातं इतकं हादरलं होतं की जंगलात कोणी दातणाची काडी मोडली तरी रेंजरसाहेबांना ती चळवळ वाटे.

तर एका संध्याकाळी मी वरणाला फोडणी देत होतो. इद्रिसभाईच्या दुकानातून आणलेली जिऱ्याची पुडी सोडली, जिरं तेलात टाकलं आणि कागद चुलीत घालणार तोच त्यावरची एक ओळ दिसली: 'माजघराला बाहेरून कुलूप होते, आणि आतून काकणे वाजली.'

फोडणी जळाली, वरण राहिलं. कुठल्याशा जुन्या कादंबरीचं ते पान होतं. वर बारीक ठशात नाव, 'बंद माजघर', आणि पृष्ठ त्र्याण्णव. एक विधुर ओटीवर एकटा बसला आहे, आणि बंद माजघरात कोणीतरी वावरतं आहे. झाकणी पडते. दूध उतू गेल्यावर बायका पुटपुटतात तसं कोणी पुटपुटतं. पान उलटलं. मागच्या बाजूची शेवटची ओळ होती: 'त्याने थरथरत्या हाताने कुलपाला किल्ली लावली, आणि'. पुढे कागद संपला होता.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी दचकून माजघराकडे पाहणार होतो, पण मी स्वतःच माजघरात चुलीपाशी उभा असल्यामुळे नाइलाजानं ओटीकडे पाहिलं. भीती वाटली. आणि खरं सांगू? बरं वाटलं. भीती वाटायला घरात दुसरं कोणीतरी असावं लागतं. कितीतरी महिन्यांनी त्या घरात मी एकटा नव्हतो.

सकाळी कचेरीच्या आधी इद्रिसभाईचं दुकान गाठलं. तो गादीवर बसून पुस्तकाची पानं फाडत होता. इतक्या सराईतपणे, की लेखकानं पाहिलं असतं तर प्राणच सोडले असते.

"आप्पासाहेब, जिरामा काय खोट निंघनी का?"

"जिरं उत्तम आहे. मला कागद हवा."

"पुडी बांधाले?"

"नाही. वाचायला."

इद्रिसभाईनं फाडायचं थांबवलं. "वाचाले मन्हा दुकानमा आजलोंग कोनी उना नही," तो म्हणाला. त्या आवाजात अभिमान होता की काळजी, ते कळलं नाही.

पोत्यात सुट्या पानांचा ढीग होता. त्यात एक नव्हे, तीन कादंबऱ्या एकमेकींत मिसळलेल्या: 'बंद माजघर', 'आडावरची सवाष्ण' आणि 'खविसाचा पाहुणचार'. जाड पुठ्ठे तंबाखूला बरे पडतात म्हणून त्यानं वेगळे ठेवले होते. त्यांवर लेखकांची नावं मिळाली. पहिलीचा कर्ता 'एक श्मशानयात्री', दुसरीचा 'भैरवसुत', तिसरीचा 'कृष्णपक्ष'. तिघांपैकी एकाचंही नाव मी कधी ऐकलं नव्हतं. उरलेली पानं कुठे आहेत विचारलं, तर इद्रिसभाईनं समोरच्या गावाकडे हात केला. "गई ना. हयद, मिरची, धनामा."

दुसरा शहाणा माणूस इथे थांबला असता. मी ढीग घरी आणला, जमिनीवर मांडला, आणि सुरुवात कुठून करावी ह्या प्रश्नाशी अडलो. वाङ्मयाच्या थोर अभ्यासकांना हा प्रश्न पडतो म्हणतात. त्यांना निदान पहिलं पान तरी मिळतं. माझ्याकडे कुठल्याच कादंबरीचं पहिलं पान नव्हतं आणि शेवटचंही नव्हतं. नायक साठाव्या पानावर आडात पडून मेला होता आणि सत्तराव्या पानावर खविसाबरोबर जेवत होता. ते दोन निराळे नायक आहेत हे समजायला मला एक रविवार लागला.

मग मी गावात निघालो.

पहिलं घर शेजारच्या हिराबाईचं. तिचा नवरा हिलाल वखारीवर पहारेकरी. दारात उभा राहून मी शक्य तेवढ्या भारदस्तपणे विचारलं, "बाई, वाण्याच्या पुडीचा एखादा कागद आहे का?"

हिराबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आप्पा, काय व्हयनं तुमले?"

"काही नाही. वाचायचाय."

"घरमा बाई नही ना, म्हणीसन असं व्हस," ती आत कोणाला तरी म्हणाली. मग मला, "मी सांगस ते ऐका. भगतले दखाडा. आनि भाकरी खासात का? गरम शे."

"नको. कागद असेल तर द्या," मी मानी आवाजात म्हणालो. कागद मिळाला, हळदीनं पिवळाजर्द. भाकरीचा वास मात्र बिऱ्हाडापर्यंत माझ्यामागून आला, आणि तो कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त वेळ घरात राहिला.

सल्ल्यांविषयी काय सांगू! एकानं दाराला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. एकानं माझं दुसरं लग्न धानोऱ्याच्या कोणा घरी जवळजवळ ठरवून टाकलं. एका म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की ह्या कामाचा सरकार भत्ता देतं का. एका घरी 'खविसाचा पाहुणचार'ची चार पानं बकरीनं खाल्ली होती. मी बकरी नीट पाहून घेतली. तिला काही झालेलं दिसेना, तेव्हा तो भाग फारसा भयंकर नसावा असं धरून मी पुढे गेलो.

मिशनच्या शाळेतले दावीद मास्तर मात्र गंभीर झाले. शाळेबाहेरच्या चिंचेखाली मला थांबवून ते म्हणाले, "आप्पासाहेब, भुताखेतांचं वाचणं बरं नव्हे. मन दुबळं होतं."

"खरं आहे, मास्तर."

"मुलांसमोर तर नावही काढू नये."

"नाहीच काढत."

त्यांनी मागे वळून शाळेकडे पाहिलं आणि कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "हे आमच्याकडे मिरच्यांबरोबर आलं. डोळ्यांना हात लावू नका." मग आवाज उतरवून, "त्या गृहस्थानं कुलूप उघडलं का हो शेवटी?"

असा मला पहिला वाचक मिळाला. त्या चिंचेखाली मी त्यांना तिन्ही लेखकांची नीट ओळख करून दिली. एव्हाना माझी ह्या विषयात मतं तयार झाली होती, आणि जगात दुसऱ्या कोणाचीच नसल्यामुळे ती निर्विवाद होती. नवख्यानं श्मशानयात्रीपासून सुरुवात करावी, कारण तो नुसत्या आवाजानं भिववतो. मग कृष्णपक्ष घ्यावा. त्याचा खवीस थोडा विनोदी आहे, पण जेवणाची वर्णनं सुरेख. भैरवसुत शेवटी. त्याची भाषा तापट, स्वभाव संशयी; हा माणूस तरुणपणी पहिलवान असावा. तिघांच्या शैलीत जमीनअस्मानाचा फरक आहे हे मी दावीद मास्तरांना दोन-दोन ओळी वाचून पटवून दिलं. त्यांनी मान डोलावली. इतकं माझं कोणी ऐकल्याला फार दिवस झाले होते.

पुढे गंमतच झाली. मी ज्यांच्याकडे कागद मागितले होते, ते लोक आपणहून कागद घेऊन माझ्या ओट्यावर येऊ लागले. नुसता कागद टाकून कोणी जाईना. "काय लिखेल शे त्यामा?" असं विचारून बसत. मी वाचून दाखवी. मधलं पान नसेल तिथे पदरचं जोडी. दिवेलागणीला हिराबाई, हिलाल, दावीद मास्तर, दुकान बंद करून इद्रिसभाई, अशी मंडळी जमू लागली.

"मंग ती माजघरमा कोन व्हती?" हिराबाई विचारी.

"त्याची बायको. मेलेली."

"घरनीच ना? मंग हाऊ माणूस कुलूप काबर लावस?"

घरच्याच बाईला कुलूप का, ह्याचं उत्तर माझ्याजवळच्या पानांत नव्हतं. शेवटचं पान नव्हतंच. सगळे उठून गेले की मी ओट्यावरची सतरंजी झटकायचो, उगीच दोनदा. पण उद्या पुन्हा ती घालायची आहे, हे ठाऊक असायचं.

हे सुख रेंजरसाहेबांच्या कानावर गेलं.

"नेवे," टेबलामागून ते म्हणाले, "तुम्ही घरोघर जाऊन कागद गोळा करता, आणि संध्याकाळी लोक जमवून ते वाचून दाखवता. ह्याला काय म्हणतात?"

"वाचन, साहेब."

"ह्याला सभा म्हणतात." त्यांनी हळदीचं एक पान चिमटीत धरून वाचलं. "'त्या घरावरून तिचे राज्य कधीच उठणार नव्हते.' राज्य! कोणाचं राज्य?"

"भुताचं, साहेब."

"आणि भूत म्हणजे कोण?"

"एक बाई आहे."

"विलायतेतली?"

"माजघरातली."

"हे रूपक आहे, नेवे," साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले. सरकारी नोकरीत वाङ्मयाची जाण असलेला वरिष्ठ मिळणं हे किती मोठं संकट आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. मी लिहिलं: 'सदर कागद भुताचे असून त्यांचा सरकारशी काही संबंध नाही.' तो शेरा मारून परत आला: 'भुताचे नाव, गाव व पत्ता नमूद करावा.' तोंडी सांगण्यात आलं की लेखक कोण आणि पुस्तकं आली कुठून ह्याचा छडा आठवड्यात लावावा, नाहीतर प्रकरण वर जाईल. आणि वर गेलेलं प्रकरण खाली येताना नोकरी घेऊन येतं, हे मी पाहिलं होतं. तोवर ओट्यावर कोणी जमायचं नाही. त्या संध्याकाळी हिलाल पहाऱ्याला आला तो माझ्याकडे न पाहता पुढे गेला. त्याचीही नोकरीच होती. पूर्वी माझा ओटा रिकामा असे. आता तो रिकामा केलेला होता. दोन्हींत केवढा फरक असतो!

इद्रिसभाईला विचारलं, रद्दी कुठून आणतोस? तो म्हणाला, "नंदुरबारना नाझर व्हतात ना, रावेरकर? त्या गुजरी ग्यात. त्यासनी बाई इकस."

म्हणजे नाझर वारले होते आणि त्यांची बायको पुस्तकं रद्दीत विकत होती. रविवारच्या गाडीनं नंदुरबारला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. लाल आलवणातल्या एका वृद्ध बाईंनी दार उघडलं. ह्याच पार्वतीबाई रावेरकर. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझे रिकामे हात पाहिले. "पोतं नाही आणलंत? इद्रिस कुठाय?"

मी रद्दीवाला नाही, सरकारी कारकून आहे, हे सांगताना माझा आवाज जरा चढला. बाईंवर परिणाम झाला नाही. "बसा. चपला सरळ ठेवा. तिरक्या चपला मला खपत नाहीत," त्या म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. पाणी पिऊन मी तांब्या चटईवर ठेवला. "ओला तांब्या चटईवर?" मी तो उचलून मांडीवर धरला. मग मी माझ्यावरचं बालंट सांगितलं.

बाई उठल्या आणि मागच्या खोलीचं दार लोटलं. आत जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं होती. 'बंद माजघर', 'बंद माजघर', 'बंद माजघर'. दुसऱ्या भिंतीला 'सवाष्ण', खिडकीखाली 'खवीस'. खालच्या थरांना वाळवी लागली होती. गावातल्या हळदी-मिरचीतून आणि बकरीच्या तोंडून मी जे पान पान सोडवत फिरलो होतो, ते तिथे शेकड्यांनी उभं होतं.

"ह्यांनीच लिहिली," बाई म्हणाल्या. "कोर्टातून आले की लिहीत बसायचे. पदरमोड करून छापली. खपली नाहीत."

"ह्यांतलं कुठलं त्यांनी लिहिलं?"

"तिन्ही."

श्मशानयात्री, भैरवसुत आणि कृष्णपक्ष! तिघांच्या शैलींतलं माझं जमीनअस्मान एका नाझराच्या कोटाखाली गोळा झालं. तरुणपणीचा पहिलवान तर मेलाच. दावीद मास्तरांना हे कधीही कळू द्यायचं नाही असं मी तिथल्या तिथे ठरवलं. "पण मग तीन नावं कशाला?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, एकाच माणसाची तिन्ही पडली तर लाज वाटेल. तिघांची पडली तर काळच वाईट आहे असं म्हणता येईल."

"तुम्ही वाचलीत?"

"छे हो. वाचू नकोस, भिशील, म्हणाले. शिवाय अक्षर बारीक. मला पोथीचं मोठं अक्षरच लागतं, आता तेही दिसत नाही." त्यांनी ढिगावरची एक प्रत उचलून माझ्यापुढे धरली. "तुम्हाला दिसतं ना?"

मला फक्त शेवटचं पान हवं होतं. बाईंना पहिल्यापासून हवं होतं. एक कोरी प्रत घेऊन आम्ही पडवीत बसलो आणि मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिलं पान कसं असतं ते मलाही तेव्हाच कळलं.

दुपार कलत गेली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. हडळ माजघरात झाकणी पाडते इथे त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती दूध उतू गेल्यावर स्वतःशीच 'मेलं माझं लक्ष!' म्हणते इथे त्यांनी डोळे उघडले. ती कढईच्या काठावर डाव आपटते, आणि त्या ठणठणाटानं नायक ओटीवर कापू लागतो, तिथे त्यांनी मला थांबवलं.

"हे परत वाचा."

मी परत वाचलं.

"अहो, ही तर मी!" त्या ताठ बसल्या. "डाव मी आपटते. 'मेलं माझं लक्ष' मी म्हणते. जन्मभर ओटीवर बसून हा माणूस माझी भांडी ऐकत होता आणि मला हडळ म्हणून लिहीत होता?"

नाझरांच्या वतीनं मीच खाली मान घातली. पण बाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "मला वाटायचं, ह्यांचं घरात लक्षच नाही. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही. आणि हे मेलं सगळं टिपून ठेवलंय." मग पदर खाली करून म्हणाल्या, "हडळ का होईना. लिहिलं तरी. वाचा पुढे."

वाचता वाचता त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

"मग हे एकटेच वाचत होतात? भीती नाही वाटली?"

"वाटली. म्हणूनच वाचत होतो."

त्यांनी मान हलवली. ह्याहून जास्त मला तिथे सांगावं लागलं नाही, आणि एवढंही मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

शेवटचं पान आलं. नायक किल्ली फिरवून दार उघडतो. माजघरात कोणी नसतं. भांडी पालथी, चूल गार. तो वाट पाहतो. त्या दिवशी, मग रोज. काही वाजत नाही. पुस्तकाची शेवटची ओळ अशी होती: 'आणि मग, त्या घरात राहायला आल्यापासून प्रथमच, तो भ्याला.'

मी पुस्तक मिटलं. गल्लीतून कोणाची तरी बैलगाडी गेली.

"मी आधी जाईन असं धरून लिहिलंय," बाई म्हणाल्या. "आणि गेले स्वतःच."

माझी गाडीची वेळ झाली होती. रेंजरसाहेबांसाठी मी एक कोरी प्रत मागून घेतली. पुढे तिच्यासोबत मी अहवाल दिला तो असा: 'लेखक मयत. छापखाना बंद. मजकूर घरगुती.' त्यावर प्रकरण मिटलं. प्रत मात्र साहेबांनी परत केली नाही, आणि महिनाभर ते कचेरीतून सूर्य मावळायच्या आत घरी जात. इद्रिसभाईनं माझ्याशी बोलणं टाकलं, कारण बाईंनी त्याला रद्दी देणं थांबवलं आणि त्याच्यावर पळसाच्या पानात जिरं बांधायची वेळ आली. पण ते सगळं नंतर.

त्या दिवशी निघताना पार्वतीबाई दारापर्यंत आल्या. माझ्या चपला त्यांनी मधल्या वेळात पायानंच सरळ केलेल्या दिसल्या.

"पुढच्या रविवारी या," त्या म्हणाल्या. "आता कुठलं घ्यायचं?"

"'आडावरची सवाष्ण'," मी म्हटलं. निदान एवढ्या बाबतीत मी अजून तज्ज्ञ होतो.

"त्यात तरी मी नाही ना?"

'सवाष्ण'ची निम्मीअधिक पानं मी मिरचीच्या वासात वाचलेली होती. आडावरची ती बाई वाटेनं जाणाऱ्या येणाऱ्याला अडवते, तिरक्या चपलांवरून झाडते, आणि ओला तांब्या कुठे ठेवलास म्हणून गावाच्या पाटलाला चौदाव्या पानावर तापानं अंथरुणाला खिळवते.

"नाही," मी म्हणालो. "त्यात तुम्ही नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "असं होय," त्या म्हणाल्या आणि दाराच्या कडीशी चाळा करू लागल्या.

"म्हणजे," मी घाईनं म्हटलं, "पहिल्या पानावर नाही."